सह्याद्रीत तंबूपेक्षा झोळी बरी

परवा भाचीचा फोन आला, "मावशी, ट्रेकसाठी पहिला तंबू घ्यायचाय, कुठला घेऊ?" मी म्हटलं तंबू घेऊच नकोस, हॅमॉक घे, म्हणजे दोन झाडांमधे बांधून झोपायची कापडी झोळी. तर म्हणाली, "झोपाळ्यात रात्रभर कोण झोपतं गं?" फोनवर तिला सगळं धड सांगता आलं नाही म्हणून इथे लिहितेय, कारण दर सीझनला कोणी ना कोणी मला हेच विचारतं, आणि मला अगदी मनापासून वाटतं की आपल्या सह्याद्रीत जिथे झाडं आहेत तिथे तंबू हे ओझं आहे, बाकी काही नाही.

तंबूला सपाट जागा लागते. आता आपल्या डोंगरात सपाट जागा असते कुठे? धरणाचा काठ, गडावरचं पठार, कापणी झालेलं भाताचं खाचर, देवळापुढचं अंगण, संपलं. म्हणून मग सगळे तिथेच. पवनेच्या काठाला शनिवारी रात्री जाऊन बघा, तंबूला तंबू चिकटलेला असतो आणि स्पीकरच्या आवाजात कोणाचं जंगल आणि कोणाचं काय. आणि दुसरी गोष्ट, डोंगरातली सपाट जागा म्हणजेच पाणी साचायची जागा, हे मी एका रात्रीत शिकले.

काही वर्षांपूर्वी जूनच्या सुरुवातीला आम्ही भंडारदऱ्याकडे काजवे बघायला गेलो होतो. गावाबाहेर खाचराच्या कडेला तीन तंबू लावले, आभाळ मोकळं होतं, हिरड्यावर आणि सादड्यावर काजवे असे लागले होते की झाड श्वास घेतंय असं वाटत होतं. रात्री दीडच्या सुमाराला पाऊस आला. वरून एक थेंब आत आला नाही, तंबू चांगलाच होता, पण खालून जमीनच पाणी सोडायला लागली, मॅटखाली हात घातला तर गार चिखल, स्लीपिंग बॅग पायाकडून भिजत वर वर यायला लागली. शेवटी सामान तसंच टाकून आम्ही वाडीतल्या पहिल्या घराच्या पडवीत जाऊन बसलो. तिथल्या आजींनी चूल पेटवून चहा दिला. पडवीतल्या वाशाला जुन्या लुगड्याची झोळी बांधलेली, त्यात नातू झोपलेला, कडा मिटू नयेत म्हणून मधे आडवी काठी घातलेली, आणि आजी एका हातानं चूल फुंकत दुसऱ्या हातानं झोळीला दोरीनं हलकासा झोका देत होत्या. आमच्याकडे बघून म्हणाल्या, "पावसाचं भुईवर कशाला लोळायचं बाई, झाडाला झोळी बांधायची की."

हे वाक्य मी घरी घेऊन आले. अहो, आपल्यातल्या किती जणांची पहिली झोप झोळीतलीच आहे! ऊसतोडीच्या फडात बाभळीला बांधलेली झोळी तुम्हीही बघितली असेल, आई तोडणी करतेय आणि लेकरू सावलीत अधांतरी गाढ झोपलंय. तिकडे कॅरिबियन बेटांवरचे ताइनो लोकही असेच झोपायचे, त्यांच्या भाषेत त्याला हमाका म्हणत, १४९२ साली कोलंबस बहामा बेटांवर उतरला तेव्हा स्पॅनिश लोकांनी ते पहिल्यांदा पाहिलं आणि तोच शब्द फिरत फिरत हॅमॉक झाला. पुढे कित्येक शतकं जहाजांवरचे खलाशी त्यातच झोपले. म्हणजे ही काही सुट्टीतली चैन नाहीये, ओल्या जमिनीपासून आणि किडामुंगीपासून लांब राहायची माणसानं शोधलेली साधी सोय आहे.

आता मुख्य मुद्दा, पाठ दुखते का. ज्यांनी एकदा झोपून "छे, केळ्यासारखं वाकायला होतं" म्हणून सोडून दिलं ते सगळे सरळ झोपलेले असतात. डोकं एका झाडाकडे, पाय दुसऱ्या झाडाकडे. तसं नाही झोपायचं. तिरकं झोपायचं. पाय मधल्या रेषेच्या एका बाजूला टाकायचे, डोकं दुसऱ्या बाजूला, की कापड अंगाखाली ताणलं जातं आणि पाठ जवळजवळ सपाट होते, गुडघ्यांवर ताण येत नाही. यासाठी कापड लांब लागतं, निदान अकरा फूट, आणि रुंदीही भरपूर हवी. बाजारात मिळणारे छोटे नऊ फुटी घेऊ नका. आणि टोकाला लाकडी दांडी असलेला जाळीचा तर मुळीच नको. बाळाच्या झोळीत काठी ठीक आहे, बाळ तळाशी खोल असतं, मोठं माणूस त्या दांडीवाल्या झोपाळ्यात वर तरंगतं आणि कूस बदलताना सरळ खाली. माझा पहिला असलाच होता, सकाळी पाठीवर जाळीचे चौकोन उठले होते.

दुसरी चूक म्हणजे ताठ बांधणं. लोकांना वाटतं जितका ताणू तितका सपाट होईल. उलट आहे. हॅमॉक झाडाला बांधायचा पट्टा जमिनीच्या रेषेशी साधारण ३० अंशात उतरायला हवा. त्या कोनात ७० किलोचं माणूस झोपलं तर प्रत्येक पट्ट्यावर ७० किलोचाच ताण येतो, तोच कोन १० अंशांवर आणलात तर ताण जातो २०० किलोच्या वर. पट्टा तुटतो, शिलाई उसवते, झाड बारीक असेल तर झाडच वाकतं. कोन मोजायला काही लागत नाही, अंगठा आणि तर्जनी पिस्तुलासारखी ताणून पट्ट्यासमोर धरायची, तर्जनी आडवी ठेवायची, अंगठ्याच्या टोकापासून तर्जनीच्या टोकापर्यंत पट्टा जुळला की झालं. दोन झाडांत अंतर १२ ते १५ फूट, झाड मांडीपेक्षा जाड, आणि जिवंत. बांधायच्या आधी मान वर करून बघायचंच, वाळलेली फांदी आहे का, मोहोळ आहे का, लाल मुंग्यांनी पानं शिवून घरटी केलीत का. काटेसावर आणि पांगारा सोडून द्या. आणि बारीक दोरी कधीच नको, ती सालीत रुतते आणि झाडाला जखम होते, किमान इंचभर, जमलं तर दोन इंच रुंद पट्टा, तोही पॉलिस्टरचा, नायलॉन ओला झाला की ढिला पडतो. देवराईतल्या झाडाला तर मी हातच लावत नाही, ती झाडं गावानं देवाला दिलेली आहेत.

साप. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते, तिचा दंश कित्येकदा झोपेत कळतसुद्धा नाही. चेन नीट लावलेला तंबूही यापासून वाचवतो, हे मान्य, पण रात्री दोन वेळा बाहेर जाऊन आल्यावर प्रत्येक वेळी ती चेन पूर्ण लावली जाते का, आणि सकाळी तंबू उचलताना खाली विंचू असतोच की नाही? हॅमॉकमध्ये बूटसुद्धा वर टांगून ठेवते मी.

पावसाचं म्हणाल तर वर ताडपत्री हवीच, चांगली मोठी, दोन्ही बाजूंनी खाली ओढलेली. आणि एक छोटी गोष्ट जी कोणी सांगत नाही, पाणी झाडावरून पट्ट्यावर येतं आणि पट्ट्यावरून ओघळत थेट तुमच्या डोक्याशी, म्हणून ताडपत्रीच्या आत दोन्ही पट्ट्यांना सुती दोरीचा एक एक तुकडा लोंबता बांधायचा. पाणी तिथूनच टपटप खाली पडतं. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा अर्धा तास मी नुसती बॅटरी मारून ते थेंब बघत होते, बाहेर धो धो आणि आत कापड कोरडं ठणठणीत.

थंडी मात्र खरी अडचण आहे, यात मी कोणाला खोटा धीर देणार नाही. अंगाखाली दाबली गेलेली स्लीपिंग बॅग ऊब देत नाही, कारण ऊब तिच्यात अडकलेल्या हवेची असते आणि ती हवा तुम्ही दाबून काढलेली असते, वर खालून वारा. डिसेंबरात नुसत्या कापडात झोपलात तर पहाटे तीनला कंबर गोठते. कॅरीमॅट आत घाला, दुहेरी कापडाचा हॅमॉक असेल तर दोन थरांच्या मधे, म्हणजे ती सरकत नाही. नाहीतर खालून बाहेरच्या बाजूनं टांगायची रजई मिळते ती घ्या, महाग आहे पण तिच्यासारखं सुख नाही.

आता एकटीनं जाणाऱ्या मुलींसाठी. सगळे म्हणतात तंबूत सेफ वाटतं. मला कधीच नाही वाटलं. तंबूत बाहेर काय वाजलं ते दिसत नाही आणि रात्रभर कान तिकडेच लागलेले असतात. हॅमॉकवरच्या मच्छरदाणीतून मला चारी बाजूंनी दिसतं, कुत्रं आहे की गुरं आहेत की माणूस आहे, आणि दिसलं की भीती अर्धी होते. कपडे बदलायला ताडपत्रीच्या दोन्ही कडा जमिनीपर्यंत सोडल्या की झालं. गावात आधी सांगून, शक्यतो घरांच्या हाकेच्या अंतरावरच बांधते, अभयारण्यात परवानगीशिवाय रात्री राहत नाही.

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर झाडं नाहीत, कासच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, नाहीत, तिथे याचा काही उपयोग नाही. लहान मूल बरोबर असेल तरी तंबूच घ्या, मुलांना कुशीत घेऊन झोपायला तोच बरा. पण बाकी आंबा, जांभूळ, हिरडा, ऐन, एवढी झाडं असताना आपण उघड्यावर जाऊन गवत का दडपतो? काजव्यांच्या दिवसांत तर हे मला फार लागतं, माद्या खाली गवतात बसतात आणि आपण त्यांच्यावर तंबू अंथरून वर झाडाकडे बघत बसतो. हॅमॉक काढला की सकाळी तिथे कोणी झोपलं होतं हे सांगता येत नाही. अर्थात काजवे लागलेल्या झाडाला तो बांधायचा नाही, लांबच्या झाडाला बांधायचा आणि बॅटरी बंद.

भाचीला सांगितलंय, विकत घेण्याआधी ये, आमच्या मागच्या अंगणात आंबा आणि फणस बरोबर चौदा फुटांवर आहेत. एक रात्र झोप. माझ्याकडे एक जादा हॅमॉक आहे, पट्ट्यांसकट, आसपासच्या कोणाला झोपून बघायचं असेल तर घेऊन जा, फक्त पट्टे वाळवून परत द्या.