‘मेलेल्या कुत्र्याचं हाड घालतात’ म्हणे: बोन ग्राफ्टवरच्या त्या मेसेजला उत्तर

मामेबहिणीने हा मेसेज पुढे पाठवला आणि खाली एकच ओळ लिहिली: ‘ऑपरेशन रद्द करू का?’ तिच्या टॉय पूडलचा पुढचा पाय मोडून दोन महिने होत आलेत आणि हाड जुळायचं नाव घेत नाही, म्हणून तिथे बोन ग्राफ्ट, म्हणजे दुसरीकडचं हाड आणून भरणं, ठरलंय. तिला उत्तर दिलं. पण हे फॉरवर्ड एका घरात थांबत नसतात, म्हणून इथे सविस्तर.

मेसेजचं म्हणणं असं: प्राण्यांचे डॉक्टर मेलेल्या कुत्र्यांची हाडं जिवंत कुत्र्यांत बसवतात. ते हाड आत सडतं. मोठ्या जातीचं हाड लहान कुत्र्यात घातलं तर पाय वाढत राहतो. शरीराने हाड नाकारू नये म्हणून जन्मभर गोळ्या द्याव्या लागतात. या हाडांसाठी धडधाकट कुत्री मारतात. सगळा बिल वाढवण्याचा उद्योग आहे. त्यापेक्षा पायाला पट्ट्या बांधा, तेलाने चोळा, कॅल्शियम द्या. आणि ग्राफ्ट आधीच घातला असेल तर काढून घ्या.

‘मेलेल्या कुत्र्याचं हाड.’ बऱ्याचदा ते त्याच कुत्र्याचं असतं, जिवंत आणि टेबलावर झोपलेल्या. मेसेजमध्ये याचा उल्लेखही नाही. खांद्याजवळ, दंडाच्या हाडाच्या वरच्या टोकाला कातडीवर छोटा छेद घेतात, ड्रिलने चार-सहा मिलिमीटरचं गोल भोक पाडतात आणि क्युरेटने, म्हणजे चमच्यासारख्या हत्याराने, आतलं जाळीदार हाड खरवडून काढतात. भोक गोलच हवं. कोपरे असलेल्या भोकातून हाडाला तडा जाण्याचा धोका वाढतो. कमरेच्या हाडाची कड आणि नडगीचं वरचं टोक ही दुसरी ठिकाणं, पण नडगीवर भार जास्त येतो, त्यामुळे तिथे भोकातून हाड मोडण्याची भीती अधिक. वाढत्या पिल्लात वाढीच्या पट्टीला, म्हणजे हाड जिथून लांब होतं त्या भागाला, धक्का लागणार नाही अशी जागा निवडावी लागते.

काढलेलं हाड रक्ताने भिजलेल्या गॉझमध्ये ठेवतात. सलाइनमध्ये बुडवून ठेवायचं नाही, दिव्याखाली सुकू द्यायचं नाही, अँटिबायोटिकच्या द्रावणात घालायचं नाही. उघड्या हवेत अर्धा तास गेला की पेशी मरू लागतात. म्हणून जखम धुणं, प्लेट-स्क्रू लावणं आधी, ग्राफ्ट भरणं अगदी शेवटी. भरल्यावर पुन्हा धुतलं तर भरलेलं सगळं वाहून जातं. मोडलेल्या जागी जंतुसंसर्ग किंवा गाठ असेल तर ग्राफ्ट आधी स्वच्छ ठिकाणाहून वेगळ्या हत्यारांनी आणि वेगळ्या हातमोज्यांनी काढायचा. ही शिस्त मोडली तर खांद्यातही संसर्ग जातो, आणि गाठ असेल तर गाठीच्या पेशीही.

मग दुसऱ्या कुत्र्याचं हाड लागतंच कशाला? दोन किलोच्या कुत्र्यात किंवा मांजरात खरवडून निघतं किती? चमचाभरही नाही. म्हाताऱ्या कुत्र्यात जाळीदार हाड चरबीने भरलेलं असतं. पोकळी मोठी असेल तर स्वतःचं पुरत नाही. अशा वेळी दात्याच्या हाडाचे तुकडे किंवा भुकटी वापरतात, अनेकदा स्वतःच्या हाडात मिसळून.

आता ‘सडतं’ या मुद्द्याकडे, कारण घाबरवणारा शब्द हाच आहे. सडायला जंतू लागतात आणि त्यांना खायला मऊ ऊती लागते. दात्याच्या हाडातून मज्जा, रक्त आणि चरबी धुऊन काढलेली असते. मग ते उणे ७० अंशांच्या आसपास गोठवतात, किंवा गोठवून वाळवतात आणि निर्वात पाकिटात बंद करतात. नुसतं गोठवल्याने जंतू मरत नाहीत, म्हणून हाड काढतानाच ऑपरेशन थिएटरसारखी स्वच्छता पाळतात, नमुने कल्चरला लावतात, म्हणजे त्यांत जंतू वाढतात का ते पाहतात, आणि बऱ्याच ठिकाणी वर गॅमा किरण किंवा इथिलीन ऑक्साइड या वायूची प्रक्रिया करतात. गॅमा किरणांचा डोस वाढला की हाडाची ताकद घटते, तेव्हा तिथेही तोलून चालावं लागतं.

हे हाड जिवंत नसतं, हे खरंच. पण ते जिवंत असावं अशी अपेक्षाही नसते. मांडवावर वेल चढावी तशा कुत्र्याच्या रक्तवाहिन्या त्यात शिरतात. फरक इतकाच की ही वेल चढता चढता मांडव खात जाते. हाड खाणाऱ्या पेशी जुनं कुरतडतात, मागोमाग हाड बांधणाऱ्या पेशी नवं घालतात. जाळीदार तुकडे अशा रीतीने काळाच्या ओघात जवळजवळ पूर्ण बदलले जातात. घट्ट नळीसारख्या हाडाचा मोठा तुकडा घातला असेल तर तो वर्षानुवर्षं निम्मा जुना, निम्मा नवा राहतो. मधल्या काही महिन्यांत, जेव्हा कुरतडणं पुढे आणि बांधणं मागे असतं, तो घातला त्या दिवसापेक्षाही कमजोर असतो. म्हणून प्लेट लवकर काढत नाहीत, आणि कुत्रा लंगडत नाही म्हणून त्याला मोकळं सोडत नाहीत.

‘सडतं’मध्ये एक अर्धसत्य आहे, ते नाइलाजाने मान्य. हाडाच्या कॅन्सरमध्ये पाय न कापता मनगटाच्या वरचा भाग काढून तिथे दात्याचं पूर्ण हाड बसवतात, त्या शस्त्रक्रियेत संसर्गाचं प्रमाण फार मोठं आहे. अनेक अहवालांत ते निम्म्याच्या घरात जातं. मोठा, रक्तपुरवठा नसलेला तुकडा, वर पातळ कातडी, जोडीला केमोथेरपी. आधीच पू असलेल्या जागी असा तुकडा घालूच नये. पण त्यावरून चिमूटभर जाळीदार हाडाचा निकाल लावता येत नाही. स्वतःचं जाळीदार हाड तर नीट साफ केलेल्या संसर्गाच्या जागीही भरतात आणि ते टिकतं.

‘लॅब्राडॉरचं हाड पॉमेरेनियनमध्ये घातलं की पाय वाढत राहतो.’ हे वाचून हसू येतं, पण याच ओळीपुढे सर्वांत जास्त ‘खरंय’ आलेले आहेत, तेव्हा उत्तर द्यावंच लागेल. १९६५ साली अमेरिकी सर्जन मार्शल युरिस्ट यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक लेख छापला. त्यांनी हाडातलं खनिज हायड्रोक्लोरिक आम्लाने काढून टाकलं आणि उरलेला मऊ सांगाडा प्राण्यांच्या स्नायूत ठेवला. स्नायूत हाड असण्याचं काही कारण नाही. तरी काही आठवड्यांत तिथे नवं हाड तयार झालं, आणि ते तयार केलं त्या प्राण्याच्या स्वतःच्या पेशींनी. मेलेल्या सांगाड्यात फक्त निरोप होता: ‘इथे हाड बांधा.’ तो निरोप देणाऱ्या प्रथिनांना पुढे बोन मॉर्फोजेनेटिक प्रोटीन हे नाव मिळालं. आज दात्याच्या हाडाची खनिज काढलेली भुकटी वापरतात, ती याच कामाच्या आधारावर.

म्हणजे बांधणारे कारागीर पॉमेरेनियनचेच. पाय लांब होतो तो वाढीच्या पट्ट्यांमुळे. त्या हाडाच्या टोकांना असतात आणि वयात आल्यावर बंद होतात. दात्याच्या तुकड्यात जिवंत पेशीच नाही, तर वाढीची पट्टी कुठून येणार? नवं हाड आकार घेतं ते पायावर पडणाऱ्या भारानुसार. दोन किलोच्या कुत्र्याच्या पायावर दोन किलोच्या कुत्र्याचाच भार पडतो. मेसेजच्या एका आवृत्तीत दात्याचा स्वभावही येतो असं लिहिलंय. त्यावर मी शाई घालवणार नाही.

‘जन्मभर गोळ्या.’ नाही. हे मूत्रपिंडाच्या प्रत्यारोपणावरून उचललंय. मांजरांत ते १९८७पासून होतं. त्यात अवयव जिवंत असतो, रक्तगट जुळवावा लागतो आणि सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध कायम द्यावं लागतं. धुतलेल्या, वाळवलेल्या हाडावर शरीराने हल्ला करावा अशा पेशीच जवळपास उरत नाहीत. ग्राफ्टनंतर देतात ती वेदनाशामकं आणि गरजेपुरती अँटिबायोटिकं. संपलं.

‘हाडांसाठी कुत्री मारतात.’ पाळीव प्राण्यांच्या ऊतीदानाची रीत अशी: प्राणी अपघाताने किंवा दुसऱ्या आजाराने गेलेला असतो किंवा त्याला वेदनामुक्त मरण दिलेलं असतं, मालक लेखी संमती देतो, शरीर लगेच थंड करतात. मृत्यूचं कारण माहीत असावं लागतं. कॅन्सर, रक्तात पसरलेला संसर्ग, कारण न कळलेली मेंदूची लक्षणं, रेबीजचा संशय, यांतलं काहीही असेल तर दाता बाद. शेवटच्या इंजेक्शनच्या औषधाची भीती काहींना वाटते. ते औषध मृतदेहात टिकतं, आणि असा देह खाणारा प्राणी विषबाधेने मरू शकतो, हेही खरं. पण देहभर मांस खाणं वेगळं आणि रक्त-चरबी धुऊन काढलेले काही ग्रॅम हाड वेगळं.

मात्र इथे मेसेजला अर्धा गुण देतो. मानवी ऊतींवर जशी कायद्याची नजर असते तशी प्राण्यांच्या ऊतींवर बहुतेक ठिकाणी नसते. अमेरिकेतलेही मानवी ऊतींचे संघराज्य नियम फक्त मानवी ऊतींपुरतेच आहेत. म्हणून डॉक्टरांना विचारायचं: हाड कुठल्या बँकेचं, पाकिटावर दात्याचा क्रमांक आणि मुदत आहे का, निर्जंतुक कसं केलं? पाकिटावरचं लेबल प्राण्याच्या फाइलला लावायला सांगा. ‘आमच्याकडचंच आहे, फ्रीजमध्ये ठेवलेलं’ असं उत्तर आलं तर मात्र उठून या.

‘बिल वाढवण्यासाठी.’ साधं, दोन तुकड्यांचं फ्रॅक्चर, कुत्रा तरुण, प्लेट घट्ट बसलेली: इथे ग्राफ्ट बहुधा लागत नाही. गुडघ्याच्या टीटीए शस्त्रक्रियेत (नडगीचा वरचा पुढचा भाग कापून पुढे सरकवतात ती) नडगीत ठेवलेली फट ग्राफ्टशिवायही भरून येते. तेव्हा ‘का हवा?’ हा प्रश्न रास्त. पण हाडाचा चुरा होऊन पोकळी राहिली असेल, सांधा कायमचा जखडायचा असेल किंवा जुनं फ्रॅक्चर जुळायचंच थांबलं असेल, तर ग्राफ्ट वगळणं म्हणजे काटकसर नव्हे.

आता पट्ट्या, तेल आणि कॅल्शियम. बाकी सगळं वाचून माणूस फार तर घाबरेल. हे वाचून कुत्र्याचा पाय जाईल.

टॉय जातींच्या पुढच्या पायात मनगटाच्या जरा वर हाड काडीएवढं असतं, भोवती स्नायू जवळपास नाही, आणि रक्तवाहिन्यांचं जाळं मोठ्या कुत्र्यांपेक्षा विरळ. सोफ्यावरून उडी मारली की मोडतं ते इथेच. नुसत्या पट्टीने हे फ्रॅक्चर न जुळण्याची ख्याती जुनी आहे. पट्टी धरायची तर मोडलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे जखडले पाहिजेत, म्हणजे कोपर आणि मनगट. घरी बांधलेली पट्टी मधल्या भागाला आवळते आणि दोन्ही टोकांना हलू देते. सूज उतरली की ती सैल होते, ओली झाली की खाली कातडी कुजते, घट्ट असेल तर काही तासांत पंजा मरायला लागतो. मधली दोन नखं फाकलेली दिसली, बोटं थंड किंवा सुजलेली लागली, तर पट्टी त्याच क्षणी सोडायची आणि डॉक्टर गाठायचा.

आणि चोळणं? स्विस सर्जन स्टीफन पेरेन यांनी मांडलेला हिशेब असा: फटीतली कोवळी ऊती स्वतःच्या लांबीच्या १०० टक्के ताणापर्यंत टिकते, कूर्चा १० टक्क्यांपर्यंत, पण हाड जेमतेम २ टक्क्यांपर्यंत. एक मिलिमीटरच्या फटीत ते मिलिमीटरचे दोन शतांश झाले. तेल लावलेला अंगठा किती हलवतो? रोज चोळलं की रोज नव्या केशवाहिन्या तुटतात, फटीत तंतू भरतात, टोकं झिजून टोकदार होतात. मग उपाय एकच उरतो: ती मेलेली टोकं कापायची, आतली नळी ड्रिलने उघडायची, प्लेट लावायची आणि ग्राफ्ट भरायचा. ग्राफ्ट टाळायचा म्हणून दिलेला सल्ला ग्राफ्टची गरज पैदा करतो.

कॅल्शियमने फ्रॅक्चर लवकर जुळत नाही. संतुलित आहार खाणाऱ्या कुत्र्याला वरचं कॅल्शियम नकोच असतं. मोठ्या जातीच्या पिल्लाला तर ते घातक, कारण लहान वयात आतडं जादा कॅल्शियम अडवू शकत नाही. ग्रेट डेन पिल्लांवर डच पशुवैद्य हेझविंकेल यांनी केलेल्या प्रयोगांत जादा कॅल्शियमने हाडांची वाढच बिघडली. अपवाद एकच, नुसत्या मांसावर वाढवलेलं पिल्लू. मांसात कॅल्शियमच्या कितीतरी पट फॉस्फरस असतो, हाडं पातळ पडतात आणि उगाच मोडतात. त्यावर उपाय मात्र संतुलित आहार आणि विश्रांती. अशा मऊ हाडात स्क्रू धरत नाही, म्हणून तिथे डॉक्टरही प्लेटची घाई करत नाहीत.

‘ग्राफ्ट घातला असेल तर काढून घ्या.’ ही मागणी नवी नाही. १६६८च्या नोंदीत डच सर्जन योब व्हान मेकेरन यांनी एका सैनिकाची हकीकत दिली आहे: त्याच्या कवटीच्या खड्ड्यात कुत्र्याच्या कवटीचा तुकडा बसवला, चर्चने त्याला बहिष्कृत केलं, म्हणून तो तुकडा काढून घ्यायला आला, तर तो इतका एकजीव झाला होता की काढताच येईना. तुमच्या कुत्र्यातला ग्राफ्ट तीन आठवड्यांनी काढायला गेलात तर कोवळ्या रक्तवाहिन्यांसकट तो खरवडून निघेल आणि फट आधीपेक्षा मोठी होईल. साधारण चार आणि आठ आठवड्यांनी एक्स-रे काढा. तुकड्यांच्या कडा धूसर होत जाणं चांगलं लक्षण. कडा तशाच धारदार राहिल्या, स्क्रूभोवती काळी कड दिसली, टाक्यांतून पाणी किंवा पू आला, किंवा टेकू लागलेला पाय कुत्र्याने पुन्हा उचलून धरला, तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका.