ह्यूस्टनकर, तुमच्या शॉटगनबद्दल

नमस्कार ह्यूस्टनकर,

आरव्हीत, म्हणजे झोपण्या-राहण्याची सोय असलेल्या गाडीत, कोणती बंदूक ठेवावी या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली, ह्यांनाही वाचून दाखवली. "ताई, आरव्हीत कोणती बंदूक ठेवावी असं शीर्षक देता आणि बंदुकीवर चार ओळी, कायद्यावर चाळीस. आपली माणसं आधीच घाबरट, त्यात तुमची भर. १२ बोअरची शॉटगन घ्यावी आणि निघावं. ती सगळ्या राज्यांत चालते, नेम चुकला तरी काम होतं, आणि रात्री दोनला दार वाजलं तर कायद्याचं पुस्तक धावून येत नाही." शेवटी हेही लिहिलंत की जूनमध्ये तुम्ही कोलोरॅडो, यलोस्टोन करत कॅनडातल्या बॅन्फपर्यंत जाणार आहात आणि नागपूरहून आलेली आई बरोबर असेल. त्या शेवटच्या ओळीमुळे हे उत्तर एवढं लांबलंय.

एक गोष्ट आधी मान्य करते. शॉटगनबद्दलचं, म्हणजे एका बारात अनेक छर्रे सोडणाऱ्या लांब बंदुकीबद्दलचं, माझं "आरव्हीत शॉटगन निरुपयोगी" हे वाक्य चुकीचं होतं, मागे घेते. कुठे उपयोगी ते पुढे येईलच.

रात्री दोनचं दार मी अनुभवलं आहे. न्यू मेक्सिकोत आय-४० हायवेलगतच्या एका ट्रक स्टॉपवर आम्ही झोपलो होतो. आधी कुणीतरी दार ठोठावलं, मग हँडल खालीवर करू लागलं. ह्यांनी मधला पडदा सारला, ड्रायव्हरच्या जागी बसले, चावी फिरवली आणि आम्ही निघालो. पलंगापासून स्टिअरिंगपर्यंत नऊ पावलं. त्या रात्री स्लाइड-आउट, म्हणजे मुक्कामी बाजूला सरकवायचा खोलीचा भाग, बाहेर काढलेला नव्हता, पाण्याची नळी की विजेची वायर जोडलेली नव्हती, वाटेत चपला नव्हत्या, चावी खुंटीला होती. तो माणूस प्यायलेला होता, चुकून आला होता की चोर होता, हे आजही माहीत नाही. पिस्तूल पलंगाखालच्या पेटीत होतं. ते काढून हातात धरेपर्यंत जेवढा वेळ गेला असता तेवढ्यात आम्ही हायवेवर होतो.

ही सोय मोटरहोमवाल्यांना आहे, त्यांचं घर आणि स्टिअरिंग एकाच गाडीत असतं. पिकअपमागे ट्रेलर ओढणाऱ्यांना ती नाही. त्यांना दार उघडून त्याच माणसासमोरून पिकअपपर्यंत जावं लागतं. तुमच्याकडे कोणती आरव्ही आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत. ट्रेलर असेल तर बंदुकीचा विचार मला जास्त पटतो.

आता शॉटगन. दोन वर्षांपूर्वी छतातून पाणी झिरपलं म्हणून आमच्या गाडीची मागची भिंत उघडावी लागली. बाहेरून फायबरग्लासचा पातळ पापुद्रा, मध्ये फोम, आतून प्लायवुडची पट्टी. एवढीच भिंत. ९ एमएमची गोळी तिच्यातून जाते, तुमच्या १२ बोअरचे बकशॉटचे मोठे छर्रेही जातात. कॅम्पग्राउंडवर वीसेक फुटांवर दुसऱ्या कुटुंबाची मुलं तशाच भिंतीमागे झोपलेली असतात. म्हणून काहीजण बर्डशॉट सुचवतात, पण ते बारीक छर्रे समोरच्या माणसाला थांबवण्याइतके खोल जातील याचा भरवसा नसतो. आणि "नेम चुकला तरी काम होतं" हे मला मनापासून खोडावंसं वाटतं. खोलीभर अंतरात छर्रे जेमतेम मुठीएवढे पसरतात. नेम धरावाच लागतो. चुकलेला प्रत्येक छर्रा कुठेतरी जातोच.

शिवाय लांबी. संघीय कायद्यानं वेगळ्या नोंदणीशिवाय शॉटगनची नळी १८ इंचांपेक्षा आखूड चालत नाही. साधी पंप शॉटगन तीन फुटांहून लांब भरते. आरव्ही जास्तीत जास्त साडेआठ फूट रुंद, त्यातून कपाटं आणि सोफा वजा केला की उभं राहायला दोन-अडीच फुटांची वाट उरते. त्या वाटेत शॉटगन वळवून बघा, रिकामी. दोन्ही हात तिलाच लागतात, टॉर्च किंवा फोन धरायला हात राहत नाही.

माझी निवड तुम्हाला थेट हवी होती: मध्यम आकाराचं ९ एमएम पिस्तूल, १० गोळ्यांच्या मॅगझिनचं (मॅगझिन म्हणजे पिस्तुलात बसणारी गोळ्यांची डबी). खिशात मावणारी चिमुकली पिस्तुलं झटका जास्त देतात आणि त्यांनी नेम साधणं कठीण जातं. ज्यांच्या बोटांत पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, स्लाइड, मागे ओढायची ताकद उरली नाही, माझ्या वयाच्या बऱ्याच बायकांचं हे दुखणं आहे, त्यांनी .३८चं रिव्हॉल्व्हर घ्यावं. मॅगझिन १० चंच का, तर कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीत त्याहून मोठं चालत नाही, तुमच्या वाटेवरच्या कोलोरॅडोत १५ ची मर्यादा आहे, आणि टेक्सासमधल्या दुकानातून पिस्तुलाबरोबर १७ गोळ्यांचं मॅगझिन सहज हातात येतं. म्हणजे कोणतं मॉडेल घ्यायचं हे नकाशा ठरवतो. कायद्यावर चाळीस ओळी लिहिल्या त्या याचसाठी.

शॉटगन "सगळीकडे चालते" हेही खरं नाही. न्यूयॉर्क शहरात तिलाही परमिट लागतो. पेनसिल्व्हेनियात पिस्तुलाचं परमिट असलं तरी गाडीत भरलेली शॉटगन ठेवता येत नाही.

आरव्हीवाल्यांचा सगळ्यात मोठा गैरसमज १९८६च्या संघीय कायद्याबद्दल आहे. जिथून निघालात आणि जिथे पोचणार त्या दोन्ही ठिकाणी तुमची बंदूक कायदेशीर असेल, तर मधल्या राज्यातून ती नेता येते. मात्र ती रिकामी हवी, बंदूक किंवा काडतुसं बसल्या जागेवरून हाताशी येता कामा नयेत, आणि गाडीला वेगळी डिकी नसेल तर कुलपाच्या पेटीत हवी. ग्लोव्ह बॉक्स किंवा कन्सोल ही पेटी धरली जात नाही. हे संरक्षण वाटेवरून पुढे जाणाऱ्याला आहे. आपण आरव्हीवाले पुढे जातो कुठे? तळ्याकाठी जागा आवडली की तीन रात्री मुक्काम. यूटामधल्या एका प्रवाशाचं विमान चुकलं, सामान परत हातात आलं आणि न्यू जर्सीतल्या न्यूवर्कला हॉटेलात एक रात्र काढावी लागली. सकाळी विमानतळावर त्यानं आपणहून पिस्तूल दाखवलं आणि त्याला अटक झाली. आरोप पुढे मागे घेतले गेले. पण त्यानं लावलेला दावा अपील न्यायालयानं २०१० मध्ये फेटाळला, कारण रात्रभर बॅग त्याच्या हाताशी होती. आरव्हीत तर आपण बंदुकीशेजारीच झोपतो.

"आरव्ही हे माझं घर आहे, पोलीस वॉरंटशिवाय आत येऊ शकत नाहीत" असंही तुम्ही लिहिलंत. सॅन डिएगोमधल्या एका मोटरहोमच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९८५ मध्येच निकाल दिला आहे की रस्त्यावर चालू शकणारं मोटरहोम झडतीपुरतं गाडी धरलं जाईल. सबळ कारण असेल तर वॉरंट लागत नाही.

आणि आता ज्या ओळींमुळे तुम्ही मला घाबरट म्हणालात त्या. तुम्ही नागरिक आहात. हे वाचणारे कित्येकजण एच-वन, एल-वन किंवा एफ-वन अशा नोकरीच्या किंवा शिक्षणाच्या तात्पुरत्या व्हिसावर आहेत. अशा व्हिसावरच्या माणसानं बंदूक किंवा नुसतं काडतूस बाळगणंसुद्धा संघीय गुन्हा आहे. थोडे अपवाद आहेत, त्यातला नेहमीचा म्हणजे शिकारीचा वैध परवाना. मित्राच्या आरव्हीत बसलं म्हणून हा नियम सुटत नाही. ग्रीन कार्डवाल्यांना बंदूक घेता येते, पण बंदुकीच्या गुन्ह्यात शिक्षा झाली तर देशाबाहेर काढण्याचं ते कारण ठरू शकतं. ग्रीन कार्डाच्या रांगेत वीस वर्षं काढलेल्या माणसानं हे माहीत नसताना राज्याची सीमा ओलांडू नये म्हणून मी कळवळून लिहिते.

आईंबद्दल थोडं. त्या पर्यटक व्हिसावर असतील तर बंदुकीच्या पेटीचा कोड त्यांना सांगू नका, चावीही ठेवायला देऊ नका. पेटी पलंगाच्या लोखंडी सांगाड्याला बोल्टनं आवळा. तीस फुटांच्या घरात नातवंडांपासून काही लपत नाही. मोठ्यांपासूनही लपत नाही. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीनं ४८,८३० माणसं गेली, त्यातल्या २६,३२८ आत्महत्या होत्या. निवृत्तीनंतर महिनोन्‌महिने रस्त्यावर, एकमेकांशिवाय कुणी नाही. बरोबरच्या माणसाचं मन बरं नसेल तर त्या वर्षी बंदूक घरीच ठेवा. आम्ही एक वर्ष ठेवली होती.

राहिला तुमचा प्रवास. यलोस्टोनमध्ये २०१० पासून त्या-त्या राज्याचा कायदा लागू आहे, पण व्हिजिटर सेंटरसारख्या सरकारी इमारतींत बंदूक नेता येत नाही. खरी अडचण पुढे आहे. मोंटानातल्या स्वीटग्रासला सीमा ओलांडून कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात शिरताना पिस्तूल नेता येणार नाही. कॅनडात माणसांपासून स्वसंरक्षण हे बंदूक आणण्याचं कारणच मानत नाहीत. साधी शॉटगन मात्र फॉर्म भरून, २५ कॅनेडियन डॉलर देऊन नेता येते. अलास्का हायवेच्या सव्वादोन हजार किलोमीटरच्या प्रवासात, दूरच्या जंगलात अस्वलापासून संरक्षण हे कारण चालतं, आणि त्या वाटेवर तुमची १२ बोअरच योग्य. माझं चुकलं ते इथे. पण तुम्ही जाताय बॅन्फला. तिथल्या राष्ट्रीय उद्यानात ती रिकामी करून बंद खोक्यातच ठेवावी लागते, म्हणजे वापरता येणारच नाही.

म्हणून पिस्तूल नेणारच असाल तर निघण्याआधी सीमेअलीकडच्या ग्रेट फॉल्समधल्या एखाद्या बंदुकांच्या परवानाधारक दुकानदाराशी बोलून ते परत येईपर्यंत तिथे ठेवायची सोय करा. अस्वलाचा स्प्रे यलोस्टोनच्या आसपास सगळीकडे मिळतो. डब्यावर तो अस्वलासाठी असल्याचं छापलेलं असेल तर सीमेपलीकडे चालतो, माणसांवर मारायचा पेपर स्प्रे चालत नाही. तो डबा तापलेल्या डॅशबोर्डवर ठेवू नका आणि आरव्हीच्या आत कधी फवारू नका.

ट्रेलर आहे की मोटरहोम तेवढं कळवा. ट्रेलर असेल तर रात्री पिकअप कोणत्या बाजूला आणि कसा लावायचा ते आम्ही एका मित्राकडून शिकलोय, ते सविस्तर लिहून पाठवते.