अवघडलेल्या घोडीला पळवू नका: ‘सात उपाय’वाल्या मेसेजला उत्तर

‘घोडा पायांत अवघडला? डॉक्टर नको, नालबंद नको, हे सात उपाय करा’ असा एक मेसेज घोडेवाल्यांच्या ग्रुपवर फिरतोय. अकलूजच्या बाजाराला जाणाऱ्यांकडे तो आहे, सारंगखेड्याला जाणाऱ्यांकडेही आहे. खाली ‘अनुभवी माणसाने सांगितले आहे, पुढे पाठवा’ असं लिहिलंय. तो अनुभवी माणूस कोण, हे कुठेच नाही.

माझ्या मामांकडे वरातीत नाचणारी घोडी आहे. तिनं रात्री दावं सोडवून हरभऱ्याचं पोतं फोडलं आणि नंतर पुढचे पाय टेकवेनाशी झाली. मामांना कुणीतरी हा मेसेज पाठवला. मामांनी तो वाचून घोडीला डांबरी रस्त्यावर काढली. भाची पशुवैद्यक आहे, हे त्यांना त्यानंतर आठवलं. मामांवर माझा राग नाही. घोडीसाठी जे सुचलं ते त्यांनी केलं. राग आहे तो न बघितलेल्या घोडीवर छातीठोकपणे उपचार लिहिणाऱ्यावर.

मेसेजमध्ये ज्याला ‘पाय अवघडणं’ म्हटलंय, तो वर्णनावरून लॅमिनायटिस आहे, म्हणजे खुराच्या आतल्या पापुद्र्यांना येणारी सूज. त्यातला तिसरा उपाय मी आधी घेते, कारण बाकीच्यांनी नुकसान होतं, पण यानं पायच जातो.

‘बांधून ठेवू नका. कडक रस्त्यावर दुडक्या चालीनं दोन-तीन किलोमीटर पळवा. आधी लंगडेल, मग रक्त मोकळं होऊन आपोआप सुटेल.’

खुराच्या आत एक हाड असतं. ते तळव्यावर टेकलेलं नसतं, खुराच्या भिंतीला आतून लटकलेलं असतं. त्याला धरून ठेवतात ते नाजूक पापुद्रे. एका खुरात साधारण साडेपाचशे ते सहाशे, आणि त्यातल्या प्रत्येकावर शंभराहून जास्त आणखी बारीक पापुद्रे. हाडाकडचे आणि भिंतीकडचे पापुद्रे एकमेकांत गुंतलेले असतात, दोन वह्यांची पानं एकाआड एक घालून दाबावीत तसे. चारशे किलोची घोडी या पकडीवर उभी असते आणि तिचं निम्म्याहून जास्त वजन पुढच्या दोन पायांवर असतं.

लॅमिनायटिसमध्ये हे पापुद्रे ताणले जातात, कमजोर होतात, सुटायला लागतात. पायाच्या मागच्या बाजूनं येणारी जाड कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, या हाडाला सतत मागे ओढत असते. पुढची पकड ढिली झाली की हाडाचं टोक खाली तळव्याकडे वळतं. कधी अख्खं हाडच खाली बसतं. फार वाईट अवस्थेत ते तळवा फोडून बाहेर येतं. दुडक्या चालीत एका पुढच्या पायावर क्षणभर जवळजवळ सगळ्या अंगाएवढा भार येतो. पकड सुटत असताना असा भार डांबरावर हजारो वेळा आपटायचा, आणि याला उपाय म्हणायचं?

‘पण पळवल्यावर घोडी सुटते, आम्ही पाहिलंय’ असं मला दोघा-तिघांनी ऐकवलं. संधिवाताचा म्हातारा घोडा थोडं चालल्यावर मोकळा होतो हे खरं आहे, कदाचित हा समज तिथूनच आला असावा. लॅमिनायटिसची घोडी पळते ती चाबकाच्या भीतीनं. दुखणं लपवणं हा घोड्याचा स्वभावच आहे. रात्री तीच घोडी आडवी पडते आणि सकाळी उठत नाही, तेव्हा ग्रुपवर फोटो टाकायला कुणी येत नाही.

मग करायचं काय? जिथे आहे तिथेच थांबवा. खाली वीतभर वाळू किंवा लाकडाचा भुसा पसरा. पाणी आणि वैरण तोंडाशी ठेवा. आडवी झाली तर होऊ द्या, काठीनं उठवू नका. जाड, घट्ट फोमचे तुकडे खुराच्या मापाचे कापून तळव्याला चिकटपट्टीनं बांधले की भार फक्त भिंतीवर न राहता तळव्याच्या मागच्या भागावर वाटला जातो. आणि फोन करा. जवळ घोड्यांचा डॉक्टर नसेल तर सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जा, फिरत्या पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे. हे त्याच दिवशी व्हायला हवं, बाजार उरकल्यावर नाही.

ओळखायला यंत्र लागत नाही. घोडी पुढचे पाय पुढे टाकून, अंग मागे झुकवून, टाचांवर उभी राहते. वळवायला गेलं की अडते. खुराला हात लावला तर गरम लागतो. घोट्याच्या मागे दोन्ही बाजूंना बोटं हलकेच ठेवा. निरोगी घोडीची तिथली नाडी शोधावी लागते, या घोडीची बोटाखाली ठकठक उडते. मोतद्दाराला रोज खरारा करताना तिथं बोट ठेवायची सवय लावली तर दुखणं एक-दोन दिवस आधी कळतं.

आता दुसरा उपाय: ‘खुराच्या टोकाशी सुरीनं कोरून काळं रक्त काढा, साचलेली घाण निघून जाईल.’ ते रक्त घाण नाही, घोडीचं आहे. कोरायला सांगितलंय त्याच जागेच्या आत, थोड्याच अंतरावर, हाडाचं वळलेलं टोक असतं. मध्ये फक्त तळव्याचा जाड थर. तोच कापून टाकला की हाड आणि लीद यांच्यात काही उरत नाही. पाळीव जनावरांत धनुर्वाताला सगळ्यांत लवकर बळी पडतो तो घोडा, हे ज्यानं पागेत एकदा पाहिलंय तो तबेल्यात खुराला भोक पाडायला सांगणार नाही. एवढं मात्र मान्य करते की लॅमिनायटिसनंतर काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, खुरात पू होतो आणि तो काढावाच लागतो. पण ते तपासून, नेमक्या जागी, छोट्या छिद्रातून, धनुर्वाताची लस देऊन केलं जातं. जुन्या काळी युरोपातले घोडेवैद्यही रक्त काढत, हा काही पुरावा नाही. तेव्हा माणसांचंही काढत.

पहिला मुद्दा कारणाचा: ‘हा उष्णतेचा आजार आहे, थंड पडला की जातो.’ खूर गरम लागतो तो आतल्या सुजेमुळे, उष्णता अंगात गेली म्हणून नाही. कारणं ढोबळमानानं तीन. पहिलं म्हणजे आतड्यातून किंवा गर्भाशयातून रक्तात विष पसरणं: चंदीच्या, म्हणजे दाण्याच्या, पोत्यावर ताव मारलेली घोडी, किंवा व्यायल्यावर वार अडकलेली घोडी. घोडीची वार तीन तासांत पडली नाही तर गायीसारखी सकाळपर्यंत वाट पाहायची नसते. दुसरं, एक पाय मोडला म्हणून सगळा भार दुसऱ्यावर येणं. तिसरं, आणि जगभर सगळ्यांत जास्त दिसणारं, म्हणजे रक्तातलं इन्सुलिन वाढलेलं असणं.

या तिसऱ्यावर एक प्रयोग आहे, तो घोडा पाळणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवा. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठातल्या संशोधकांनी २००७ मध्ये तो प्रसिद्ध केला. निरोगी, कधीही लॅमिनायटिस न झालेली तट्टं घेतली. काहींच्या रक्तात इन्सुलिन खूप वाढवून ठेवलं आणि सोबत ग्लुकोज देऊन साखर पातळीत राखली. पोट बिघडलं नव्हतं, विष नव्हतं, ऊन नव्हतं, धाव नव्हती. इन्सुलिन दिलेल्या सगळ्या तट्टांना ७२ तासांच्या आत चारही पायांत लॅमिनायटिस झाला. न दिलेल्यांपैकी एकालाही झाला नाही. पुढे मोठ्या घोड्यांवरही हेच दिसलं. ‘उष्णता’ म्हणणाऱ्यांनी यावर काय ते सांगावं.

आणि म्हणूनच चौथा उपाय वाचून माझं डोकं फिरलं: ‘अशक्तपणा आला असेल तर भिजवलेला हरभरा, बाजरी आणि गूळ द्या.’ ज्या दाण्यानं मामांची घोडी आडवी केली, तोच दाणा औषध म्हणून! गूळ आणि बाजरी म्हणजे साखर आणि पिष्ट, ते खाल्लं की इन्सुलिन चढतं. इन्सुलिनचा आजार असलेल्या घोडीला हे देणं म्हणजे वर सांगितलेला प्रयोग घरच्या घरी करणं. आपल्या ऊसपट्ट्यात आणखी एक गोष्ट सर्रास चालते, ती मेसेजमध्ये नाही पण सांगायला हवी: ऊसाचे वाढे आणि काकवी. जाडजूड, मानेवर चरबीचा कठीण पट्टा आलेल्या घोडीला यातलं काहीही नको. दाणा पूर्ण बंद, वैरण कोरडी आणि मोजून. चारशे किलोच्या घोडीला दिवसाला साधारण सहा किलो सुकी वैरण पुरते, ती तासभर पाण्यात भिजवून पाणी ओतून दिलं तर थोडी साखर निघून जाते. पण उपाशी ठेवू नका, विशेषतः तट्टाला आणि गाढवाला. लठ्ठ तट्टू उपाशी राहिलं की अंगातली चरबी रक्तात उतरते, यकृत बिघडतं आणि लॅमिनायटिसआधी तेच मारतं.

पाचवा उपाय डायक्लोफेनॅक या माणसांच्या वेदनाशामक इंजेक्शनचा. देशात जनावरांसाठी हे औषध २००६ पासून बंद आहे, कारण ते दिलेल्या जनावराचं मढं खाऊन गिधाडं मूत्रपिंडं निकामी होऊन मरत होती. वेदना कमी करणारं औषध या घोडीला हवंच, त्यात दुमत नाही. पण घोड्याला चालणारं, वजनानुसार, डॉक्टरनं दिलेलं. जास्त झालं की पोटात व्रण होतात. आणि इंजेक्शननं दुखणं दबलं म्हणून तिला वरातीला नेलं, तर पापुद्रे मात्र तुटतच राहतात.

सहावा: ‘नदीत उभं करा.’ इथे अर्धं खरं आहे, नाइलाजानं का होईना मान्य करते. गारव्यानं खरंच फायदा होतो, पण नदीचं कोमट पाणी पुरत नाही. बर्फ लागतो, तोही खुरापासून नळीच्या हाडाच्या (गुडघा आणि घोटा यांच्यामधल्या हाडाच्या) मध्यापर्यंत, अखंड, दोन-तीन दिवस. खूर पाच-सात अंशांपर्यंत थंड राहिला पाहिजे. आणि हे सर्वांत उपयोगी पडतं पाय दुखायच्या आधी. म्हणजे पोतं फोडलेलं सकाळी दिसलं, घोडी अजून नीट चालतेय, त्याच क्षणी बर्फाच्या कारखान्यातून लाद्या आणा, फोडून जाड प्लास्टिकच्या पिशव्यांत भरा आणि पाय त्यात ठेवा. पाय अवघडल्यावर तिला नदीपर्यंत चालवत नेणं म्हणजे पुन्हा तिसराच उपाय.

‘रोज पळणाऱ्या घोड्याला हा आजार होत नाही’ हे वाक्य मध्येच कुठेतरी घुसवलंय. सेक्रेटॅरिएट हा अमेरिकेचा आजवरचा बहुधा सर्वांत नावाजलेला शर्यतीचा घोडा. १९८९ मध्ये त्याला लॅमिनायटिसमुळेच शांतपणे मरण द्यावं लागलं. बार्बारो या घोड्यानं २००६ ची केंटकी डर्बी ही अमेरिकेतली मोठी शर्यत जिंकली, त्याच महिन्यात त्याचा उजवा मागचा पाय मोडला. तो सांधण्यासाठी तिथले उत्तम सर्जन होते, पण सगळा भार पेललेल्या डाव्या पायाला लॅमिनायटिस झाला. जानेवारी २००७ मध्ये त्यालाही जाऊ द्यावं लागलं. व्यायामानं इन्सुलिन आटोक्यात राहतं हे खरं, पण ते निरोगी पायांवर.

शेवटचा, सातवा उपाय: ‘एकदा झाला की घोडा कामातून गेला. इंजेक्शन देऊन बाजारात उभा करा आणि विकून टाका.’ हा उपचार नव्हे, फसवणूक आहे. घेणाऱ्याचीही आणि मुक्या जनावराचीही.

काही घोड्या वाचत नाहीत. हाड तळव्यातून बाहेर आलं आणि वेदना कशानंच थांबेना, तर मरण देणंच दयाळूपणाचं ठरतं. पण पुष्कळ घोड्या उभ्या राहतात, वेळ दिला तर. खुराची भिंत महिन्याला सहा ते दहा मिलिमीटर वाढते. वरच्या कडेपासून नवी, घट्ट पकड असलेली भिंत जमिनीपर्यंत यायला नऊ महिने ते वर्ष लागतं. तोवर खूर दर चार ते सहा आठवड्यांनी कापावा लागतो, आणि तो अंदाजानं नाही. पायाचा बाजूनं एक्स-रे काढायचा, काढताना खुराच्या पुढच्या भिंतीवर एक तार चिकटवायची म्हणजे भिंत आणि हाड यांच्यातला कोन आणि अंतर दिसतं. तळवा किती जाड उरलाय तेही दिसतं. ती फिल्म नालबंदाच्या हातात द्या. त्यानं पुढचं वाढलेलं टोक कानशीनं मागे घ्यायचं, टाच एक्स-रे बघून हळूहळू उतरवायची आणि तळव्याला सुरी लावायची नाही. चांगले नालबंद आपल्याकडे आहेत. त्यांना एक्स-रे कुणी दाखवत नाही, ही खरी अडचण आहे.

जुनी नाल काढायची तर एकेक खिळा वेगळा कापून काढायची, ओढून उपटायची नाही. नव्या नालेसाठी सुरुवातीला हातोड्याचे ठोके नकोत. गोंदानं बसवायची नाल किंवा मऊ तळाचे बूट चालतात. वेदनाशामक बंद करूनही घोडी आरामात उभी राहायला लागली की मऊ जमिनीवर हातात धरून थोडं चालवायचं, सरळ रेषेत. गोल फिरवणं आणि सवारी खूप नंतर. म्हाताऱ्या घोडीचे थंडीतले लांब केस उन्हाळ्यातही झडत नसतील तर मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीचा आजार तपासून घ्या. त्याला गोळी आहे, आणि ती सुरू केली नाही तर कितीही चांगला कापलेला खूर पुन्हा सुटतो. इन्सुलिनची रक्ततपासणी सगळ्यांचीच करा. ती न करता घोडी पुन्हा चंदीवर घेतली, तर पुढच्या लग्नसराईत हाच मेसेज तुम्हाला परत येईल.

ज्यांच्याकडे तो आलाय त्यांनी हे उत्तर त्याच ग्रुपवर टाका. मामांच्या ग्रुपवर मी टाकलंय.