एवढे साधे कशाला होताय साहेब

नेतेमंडळींना आपण किती साधे आहोत हे दाखवायची एवढी हौस का असते देव जाणे. निवडणूक आली की सगळे अचानक ट्रेनने फिरायला लागतात, दिसेल ते पोर कडेवर घेतात, फुटबॉलचे कट्टर फॅन होतात आणि योगायोगाने कॅमेरावाला तिथे आधीच पोचलेला असतो.

२०२२ मधले ऋषी सुनक आठवतायत का? तेव्हा ते ब्रिटनचे अर्थमंत्री होते, इंधनावरचा टॅक्स कमी केला म्हणून साहेब स्वतः पंपावर जाऊन एका छोट्याशा किया गाडीत पेट्रोल भरताना फोटोत दिसले. नंतर कळलं गाडी त्यांची नव्हतीच, तिथल्याच एका कर्मचाऱ्याची मागून घेतलेली! आणि आत काउंटरवर पैसे द्यायची वेळ आली तर यांनी कार्ड धरलं ते थेट बारकोड स्कॅनरसमोर. सगळं व्हिडिओत. अहो कार्ड कुठे टेकवायचं एवढं तरी विचारून जायचं ना.

ब्रिटनचेच माजी पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन तर स्वतःला अ‍ॅस्टन व्हिला या फुटबॉल टीमचे फॅन म्हणवायचे, पण २०१५ च्या प्रचारात भाषणाच्या ओघात लोकांना वेस्ट हॅम या दुसऱ्याच टीमला सपोर्ट करा म्हणून मोकळे झाले. खऱ्या फॅनला झोपेतून उठवून विचारा, टीमचं नाव चुकणार नाही.

ब्रिटनचे जुने पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन त्या मानाने पक्के, लोकांसमोर कायम पाईप आणि घरी मात्र सिगार, कारण सिगार म्हणजे श्रीमंती चोचले ना!

याउलट त्यांचे विरोधक एडवर्ड हीथ. शिडाच्या बोटींच्या शर्यतीचा नाद, म्हणजे सामान्य माणसाला स्वप्नातही न परवडणारा. पण नाद खरा होता, विरोधी पक्षनेते असताना १९६९ ला सिडनी ते होबार्ट ही अवघड शर्यत जिंकून आले आणि पुढच्याच वर्षी त्याच विल्सनना हरवून पंतप्रधान झाले. बोटीमुळे जिंकले असं नाही म्हणत मी, पण बोट लपवली नाही म्हणून काही बिघडलंही नाही.

मला विचाराल तर मतांसाठी ज्याचा काडीचा उपयोग नाही तोच छंद खरा. धाकटे बुश अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष असताना टेक्सासच्या रँचवर झुडपं तोडतानाचे फोटो यायचे, रांगडा गडी वगैरे. पण पद गेल्यावर हा माणूस चित्रं काढायला लागला, तेही चर्चिलचा चित्रकलेवरचा निबंध वाचून, आणि २०१३ मध्ये कुणीतरी ईमेल हॅक केले तेव्हा जगाला ती दिसली. त्यातलं एक म्हणजे बाथटबमध्ये पडल्या पडल्या दिसणारे स्वतःचेच पाय, दुसऱ्यात शॉवरखाली उभे आणि समोरच्या छोट्या आरशात तोंड. कुठला प्रचारप्रमुख असलं काही काढायला सांगेल हो? मला त्यांचं राजकारण कधीच पटलं नाही, पण ते पाय बघून पहिल्यांदा वाटलं की या गृहस्थाशी दोन शब्द बोलता येतील.