पालिकेच्या बजेटवर जाणकारासारखं कसं बोलावं

फेब्रुवारीत मुंबई महापालिकेचं बजेट आलं की सोसायटीच्या ग्रुपवर गप्प राहू नका. बजेट वाचायची गरज नाही, एकूण आकडा पुरतो. २०२५-२६चा आकडा होता ७४,४२७ कोटी. त्यावर लगेच टाका, 'एवढ्यात तर एखादं राज्य चालतं!' (चालतंही, त्यामुळे खोटं पडायची भीती नाही.) त्यात मालमत्ता करातून येणं अपेक्षित होतं साधारण ५,२०० कोटी, हे मात्र चुकूनही बोलू नका. 'सगळं बजेट आमच्या खिशातून चालतं' या वाक्यातली हवाच जाते.

तुमचं घर ५०० चौरस फुटांच्या आतलं असेल तर बोलायचा पहिला मान तुमचा. २०२२पासून अशा घरांना मालमत्ता कर माफ आहे, तेव्हा 'करदात्यांच्या पैशांची उधळपट्टी' म्हणताना आवाज जरा चढाच ठेवा. घर ५०१ भरत असेल तर पंचाईत आहे, कारण कर त्या एका फुटावर नाही, अख्ख्या घरावर लागतो. अशांनी टेप घेऊन भिंतीला भिंत मोजावी आणि हॉलमध्ये ओढून घेतलेली बाल्कनी विसरून जावी. घर विकायला काढलं की ती आपोआप आठवते. वॉर्ड ऑफिसला ४९८ आणि ब्रोकरला ७८० सांगताना जीभ अडखळणार नाही, एवढा सराव असू द्या.

बिल हातात आलं तर वाचायच्या भानगडीत पडू नका. २०१०पासून कर भांडवली मूल्यावर आहे, म्हणजे रेडी रेकनरचा (सरकारने ठरवलेला जागेचा) दर, चटई क्षेत्र, वापर, बांधकामाचा प्रकार, इमारतीचं वय आणि मजला, या सगळ्यांचा गुणाकार. खाली ओळींची रांग. पाण्याचे पैसे मीटरप्रमाणे वेगळे भरता, तरी जललाभ कर आहेच. मलनिःसारण लाभ करही आहे. वृक्ष उपकर आहे. खिडकीत घुसलेली फांदी छाटायचा अर्ज त्यात धरलेला नाही. राज्य शिक्षण उपकर पालिका नुसता वसूल करते, तो जातो राज्य सरकारकडे. हे कळलं की शिव्या दोन ठिकाणी वाटाव्या लागतात आणि जोर निम्मा होतो. म्हणून म्हणतो, वाचू नका. थकबाकीवर महिन्याला दोन टक्के दंड लागतो, त्याला मोगलाई म्हणा. मेंटेनन्स थकवणाऱ्याला सोसायटी वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत व्याज लावत आली ती शिस्त.

पालिका बजेटआधी नागरिकांकडून सूचना मागवते. ती जाहिरात मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी ग्रुपवर टाका, खाली 'आपल्याला कोण विचारतं?' असं लिहून.

मधली काही वर्षं फार वाईट गेली. मार्च २०२२मध्ये नगरसेवकांची मुदत संपली ती जानेवारी २०२६च्या निवडणुकीपर्यंत. आयुक्तच प्रशासक, बजेट त्यांच्याच प्रशासनाचं, मंजुरीही त्यांचीच. लोकशाहीचं काय व्हायचं ते होवो, पण हक्काने ज्याच्या दारात जाऊन भांडावं असा माणूसच उरला नव्हता. आता पुन्हा २२७ आहेत.

खरी मजा नगरसेवक साहेबांना सोसायटीत बोलावण्यात आहे. रविवारी सकाळी, गच्चीवर, प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून. उभं राहिल्यावर एकदम प्रश्न विचारू नये, असभ्य दिसतं. आधी आपण या एरियात किती वर्षं राहतो ते सांगावं, मग पूर्वी रस्ते कसे रोज धुतले जायचे ते, मग मुलगा कॅनडात असतो आणि तिकडे असं नसतं, तेही. तोवर माइक पुढच्या काकांकडे जातो. साहेबही मुरलेले असतात. रस्ता म्हटलं की 'तो एमएमआरडीएकडे', इमारत म्हटली की 'म्हाडाकडे', आणि जे कोणाकडेच ढकलता येत नाही त्याला 'अर्ज द्या, बघतो'. दोन्ही बाजू खूश.

फक्त मागच्या रांगेतल्या त्या मुलीवर लक्ष ठेवा. 'आपल्या वॉर्डाला रस्त्यांसाठी गेल्या वर्षी किती मिळाले आणि मार्चअखेर किती खर्च झाले?' असं ती विचारेल. या प्रश्नाला आकड्यात उत्तर देता येतं, त्यामुळे साहेब अचानक मोबाइल बघू लागतात आणि सभेचा रंग जातो. सेक्रेटरींनी तत्परतेने म्हणावं, 'बाळ, साहेबांना पुढे जायचंय.'

मग शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, वेफर्स. खर्च 'इतर किरकोळ' या खात्यात टाका. वार्षिक सभेत एखाद्याने त्या आकड्यावर बोट ठेवलंच, तर अध्यक्षांनी चष्मा काढून शांतपणे सांगावं, 'अर्ज द्या, बघतो.'