गावाखाली कोळसा निघाला? अभिनंदन भाऊ!

तुमचं गाव वर्धा नदीच्या खोऱ्यात, म्हणजे आमच्या वणी-राजुरा-भद्रावतीकडं असेल आणि एक दिवस वावरात बोअरची गाडी येऊन उभी राहिली तर उगाच खूश होऊ नका, ते लोक पाणी नाही शोधत. चहा मात्र पाजा. आमच्याकडं सगळ्यांनी पाजला, तोही दुधाचा.

मग निवांत वाट बघायची. १९५७ चा कायदा आहे कोळशाच्या जमिनीचा, त्यात तुमचं म्हणणं ऐकायची सोय आहे बरं का, दिल्लीच्या राजपत्रात नोटीस छापून आली की ३० दिवसांत हरकत घ्यायची. राजपत्र हिंदी-इंग्रजीत असतं आणि तुमच्या गावात साधा पेपर दुपारच्या एसटीनं येतो ही गोष्ट वेगळी, पण चूक तुमचीच, डवरणीला जायच्या आधी रोज सकाळी राजपत्र वाचायला काय होत होतं? बरं, सरकारला घाईच असेल तर हरकतीची ही भानगडही टाळता येते, त्याला ९अ नावाचं कलम आहे. पुढची घोषणा छापून आली की जमीन सरकारची, पैशाचं नंतर बघू. तुम्ही तेव्हा त्याच वावरात तूर सोंगत असाल. सोंगा, सोंगा.

नोकरीचं मात्र आधी उरकून घ्या. कोल इंडियाच्या २०१२ च्या धोरणात दोन एकराला एक नोकरी धरलीय, म्हणजे चार एकर आणि तीन भाऊ असतील तर हिशोब सोपा आहे, एक भाऊ कमी करा. मारू नका हो, फक्त बोलणं बंद करा, बाकीचं आपोआप होतं. बहिणीला राखीला बोलावताना हक्कसोडचा कागद तयार ठेवा, ओवाळून ताट खाली ठेवलं की लगेच सही, कारण जेवायला बसली की तिला बाबा आठवतात. आणि ज्याला जमीनच नाही, ज्याची बायको तीस वर्षं दुसऱ्याच्या वावरात निंदत आली, त्यानं काय करावं? सातबाऱ्यावर 'इतर हक्क' म्हणून एक रकाना असतो, त्यानं तिथं स्वतःचं नाव शोधत बसावं, वेळ चांगला जातो.

मोजणीची पोरं टेप घेऊन येतात, भिंतीवर लाल पेंटनं नंबर टाकतात. आमच्या शेजारच्या म्हातारीनं त्या वर्षी दिवाळीला घर पोतारलं तर नंबराभोवती वीतभर चौकट सोडून पोतारलं, पुसला गेला तर पैसे बुडतील म्हणून, आणि वर त्या नंबराला हळदकुंकू पण लावलं. तुम्हीही लावा, काय सांगता येतं. विहिरीचं बांधकाम मोजतात, पाणी मोजत नाहीत, तसंही खदानीचा उपसा सुरू झाला की पाणी खाली जातं आणि वादच मिटतो. ब्लास्टिंगनं भिंतीला तडे गेले तर घाबरायचं नाही, फक्त ते मोजणीनंतर जातील एवढं बघा, आधी गेले तर साहेब म्हणतात घर जुनाटच होतं की.

जुन्या शिवारात आता मातीचे ढिगारे आहेत, टेकडीएवढे. त्यावर बाभळी माजल्या की वाघसुद्धा येतो, चंद्रपूर जिल्हा आहे शेवटी, आणि त्याला पुनर्वसनाचा फॉर्म भरायला लागत नाही.

नवीन गाव मात्र एकदम टापटीप बघा! सरळ रस्ते, समाजमंदिर, नळ (तोटीसकट). मारुती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आला, जुन्या गावात वेशीवर होता, इथं वेसच नाही म्हणून प्लॉटांच्या मधोमध बसवला, आता नवरदेव कुठून आत घ्यायचा यावर दर लग्नात अर्धा तास वाद होतो.

प्लॉटमध्ये गोठा बसत नाही, तेव्हा बैल वेळेवर विकून टाका. आमच्या काकांनी ऐकलं नाही, एक ठेवला. तो दावं तोडून सुटला की सरळ जुन्या गावाकडं जातो आणि खदानीच्या गेटवर उभा राहतो, मग सिक्युरिटीवाला काकांना फोन करतो, घेऊन जा म्हणून. आत घुसला असेल तर आणायला गेटपास लागतो. जाताना आधार कार्डची झेरॉक्स न्या, दोन प्रती. बैलाची नाही मागत अजून.