साठच्या पुढे बोलू नये

आमच्या जीपला टप आहे असं म्हणायची पद्धत आहे. प्रत्यक्षात चार लोखंडी कमानींवर ताणलेलं कॅनव्हास आहे आणि मागे चेनने उघडणारी प्लॅस्टिकची खिडकी. ती खिडकी एकेकाळी पारदर्शक होती. आता तिच्यातून पाहिलं की मागचा सगळा महाराष्ट्र धुक्यात दिसतो. अकरा वर्षांपूर्वी ही गाडी सेकंडहँड घेतली, तेव्हा डोळ्यांसमोर ताम्हिणी घाट होता: पाऊस नुकताच थांबलाय, टप मागे टाकलाय, वगैरे. अकरा वर्षांत टप तीनदा काढला. त्यातल्या दोनदा पाऊस आला आणि तो बसवेपर्यंत थांबला.

ताशी साठपर्यंत या गाडीत माणसासारखं बोलता येतं. सत्तरला टप श्वास घ्यायला लागतो. ऐंशीला डोक्यावर ढोलपथक सुरू होतं, तेही सरावाचं नाही, थेट विसर्जन मिरवणुकीचं. टपावरून हवा वेगाने जाते तेव्हा वरचा दाब कमी होतो, आतला तेवढाच राहतो, म्हणून कापड पुरीसारखं फुगतं. मग धपकन खाली बसतं, पुन्हा फुगतं. खाली आपण बसलेलो असतो, एवढाच काय तो आपला सहभाग.

सासुरवाडी कोल्हापूरची, त्यामुळे वर्षातून पाच-सहा वेळा हे कीर्तन ऐकायचंच. बायको शेजारून काहीतरी सांगायची, मी मान हलवायचो. वाक्याचं शेपूट तेवढं ऐकू यायचं, ‘…घ्या’. मी समजायचो, चहा घ्या म्हणतेय. मग गाडी डावीकडे घेऊन टपरीपाशी थांबवायची. शिरवळ, सुरूर, अतीत, उंब्रज, सगळीकडचा चहा मी प्यायलोय. ही मात्र पर्स छातीशी धरून उभी, म्हणे मला नको. बायकांच्या मागण्या आणि आवडी यांत फरक असतो, असा एक अनुभवसिद्ध निष्कर्ष मी काढला होता. आणखी एक अभिमान होता. हायवेवर आपल्याला कधी कुणी हॉर्न मारत नाही. शिस्तीत गाडी चालवली की लोकही शिस्तीत वागतात.

गेल्या दिवाळीत मेहुण्याने मोबाइलवर आवाज मोजायचं ॲप टाकून दिलं. ऐंशीच्या वेगाला आकडा अठ्ठ्याऐंशी डेसिबल. मी २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम काढून पाहिले. निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५. औद्योगिक भागातसुद्धा दिवसा ७५. म्हणजे आम्ही सहकुटुंब, डबे-पिशव्यांसह, एका बेकायदा कारखान्यात बसून माहेरी जात होतो.

सुरुवात मेहुण्यानेच केली. काळे, चिकट, मागे चांदीचा कागद असलेले ब्यूटाइल रबराचे पत्रे आणले आणि दोन रविवार दारांच्या आत, पायाखाली, चाकांवरच्या पत्र्यावर चिकटवून रोलरने दाबत बसला. दारावर टिचकी मारली की आधी ‘ठण्ण’ वाजायचं, आता ‘ठप्प’ वाजू लागलं. मी सोसायटीतल्या तिघांना बोलावून दार लावून दाखवलं. परदेशी गाडीचं दार लागावं तसं लागलं. मग बायपासला गेलो आणि डोक्यावर ढोल जसाच्या तसा. ते पत्रे पत्र्याची थरथर मारतात, कापडाला त्यांचं काय? आवाज अडवायला वजन लागतं. भिंतीचं वजन दुप्पट करावं तेव्हा जेमतेम सहा डेसिबल कमी होतात, आणि आमची भिंत म्हणजे तंबू.

मग नाना पेठेतून एका हूडवाल्याचा पत्ता मिळाला. त्यांनी गाडीला प्रदक्षिणा घातली, टपाला अंगठा लावला, तो कोपरापर्यंत आत गेल्यासारखं वाटलं.

“साहेब, याला टप म्हणत नाहीत. हे वाळत घातलेलं धोतर आहे.”

कमानींना नवे पट्टे, कापड पापडासारखं ताणून घेणं आणि आतून नमद्याचं, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं, अस्तर, एवढं त्यांनी सांगितलं. दोन दिवस मी तिथे स्टुलावर बसून होतो. मेण लावलेला दोरा, हातात दाभण, आणि प्रत्येक टाक्यागणिक ते दोरा दातात धरून असा ओढायचे की अख्खी जीप कुरकुरायची. टाका संपला की कापडावर बोटाने टकटक करून कान लावायचे, तबला लावतात तसे. ढोल थांबला, हे खरं. फक्त पहिल्या पावसात नमदा ओलावला आणि गाडीत ओल्या बोकडाचा वास सुटला. तो नंतर गेला. म्हणजे मला तरी येत नाही.

ढोल थांबला तेव्हा शिट्टी ऐकू आली. ती आधीपासून होतीच म्हणे, ढोलाखाली दबली होती. दाराच्या रबरात दहाची नोट धरून दार लावायचं आणि ओढायची, सहज निघाली तर रबर गेलं समजायचं. आमच्या चारही कोपऱ्यांतून नोट अशी निघाली, जणू एटीएमच. रबरं बदलली, शिट्टी तशीच. मग गाडीच्या झाडून सगळ्या फटी कागदी चिकटपट्टीने बंद केल्या आणि कात्रजच्या नव्या बोगद्यापर्यंत एक फेरी मारली. शिट्टी बंद! आता एकेक पट्टी काढत पुन्हा तेवढीच फेरी. सहाव्या फेरीच्या आधी वॉचमन म्हणाला, “साहेब, रंग लावायचाय तर लावून टाका की.” आठव्या फेरीला चोर सापडला. काचेच्या चौकटीत पूर्वी एरियल होती. ती चोरीला गेली, भोक राहिलं. त्या भोकावरून वारा गेला की बासरी. चिमूटभर एम-सील लावलं, खर्च नगण्य. उरलेल्या खर्चाचा विषय घरात काढायचा नाही असं ठरलंय.

पुढे टायर. मागच्या मालकाने चिखलातले, बोटभर खाचांचे टायर टाकले होते आणि मी रुबाबासाठी तेच दोनदा परत घेतले. त्या खाचांत हवा दाबली जाते, सुटते आणि भुंग्यासारखी गुणगुणते. सिमेंटच्या रस्त्यावर तर भुंग्याचं अख्खं पोळं. या टायरांनी आयुष्यात पाहिलेला चिखल म्हणजे आमच्या गल्लीत पाइपासाठी खणलेला खड्डा. साधे रस्त्याचे टायर घातले. गाडी जरा बावळट दिसते, पण भुंगा गेला. मग डॅशबोर्डातलं दोन रुपयांचं नाणं, सीटखालची बरणी, वगैरे.

एकूण खर्च एक्केचाळीस हजार. ऐंशीच्या वेगाला आकडा एकोणऐंशी. नऊ डेसिबल म्हणजे फार वाटत नाहीत, पण कानाला आवाज जवळजवळ निम्मा लागतो. मी हे बायकोला दोनदा समजावलं. ती म्हणाली, “ऐकलं. आता ऐकू येतं.”

परवा कोल्हापूरला निघालो. बोगदा ओलांडला, नवा टप निमूट होता. मी सवयीने उजव्या लेनमध्ये, सवयीने पासष्टवर. इतक्यात मागे हॉर्न वाजला. मग दुसरा, मग एक लांबलचक, एसटीचा असावा असा.

“आज काय झालंय लोकांना?” मी म्हटलं.

“आज?” ती म्हणाली. “अहो, डावीकडे घ्या.”

“चहा?”

“चहा कसला! गाडी! गाडी डावीकडे घ्या! अकरा वर्षं सांगतेय!”

तेवढ्यात एक टेम्पो डाव्या बाजूने पुढे गेला. क्लीनरने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून मला उद्देशून एक वाक्य म्हटलं. लांबलचक होतं, आणि त्यातला शब्द न् शब्द, जोडाक्षरांसकट, स्वच्छ ऐकू आला.

शिरवळला थांबलो. चहा सांगितला, एकच. तो येईपर्यंत मागे गेलो आणि प्लॅस्टिकच्या खिडकीची चेन वीतभर उघडून ठेवली.